हसण्याचा हक्क कुणाच्या बापाचा?



आपल्यातलीच काही पोरं विचारतात, दोन पुरुषांच्या प्रेमाचा विनोदी पिच्चर पडला तर चळवळीचं काय गेलं? इथं वस्तीत नळाला पाणी नाही, ॲट्रॉसिटीचे आरोपी सुटतायत, आणि तुम्हाला ही बड्या घरची थेरं सुचतात! सवाल रास्त आहे. उत्तरही रोखठोक घ्या: गेलं, आपलंही गेलं.

कुणी कुणावर प्रेम करायचं हे ठरवण्याची सत्ता हाच जातीचा कणा आहे. म्हणून तर बाबासाहेबांनी १९३६ साली आंतरजातीय लग्न हा जात मोडण्याचा खरा इलाज सांगितला. त्याआधी १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला भरला, तेव्हा र. धों. कर्व्यांचे वकील म्हणून कोर्टात बाबासाहेब उभे राहिले. वाचकांच्या ज्या प्रश्नांना उत्तरं दिल्याचा तो गुन्हा होता, त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाजू कुठली घ्यायची ते तेव्हाच ठरलं. जातीबाहेर गेली म्हणून पोरीला तोडणारा बाप आणि पोरगा पोरावर जीव लावतो म्हणून त्याला बुवाकडे नेणारा बाप एकाच व्यवस्थेचे चाकर आहेत.

डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत शिवसैनिकांनी 'फायर' लावणारी थेटरं फोडली. आता दगडाची गरजच उरली नाही. शुक्रवार ते रविवार गल्ला बघतात, सोमवारी शो कापतात. उरलेला शो ठेवतात भर दुपारी, नोकरदार माणूस जाईल कसा? मग सांगत सुटायचं, पब्लिकला असलं नको! २०२२ साली अमेरिकेत युनिव्हर्सलसारख्या बड्या कंपनीनं 'ब्रोज' ३,००० हून जास्त थेटरांत लावला. खर्च सुमारे २ कोटी २० लाख डॉलर. पहिल्या तीन दिवसांत अर्धा कोटीही जमले नाहीत. त्याच साली आपल्याकडे 'बधाई दो' थेटरात फारसा चालला नाही, आणि नेटफ्लिक्सवर आल्यावर लोकांनी डोक्यावर घेतला. म्हणजे बघायचं होतं, पण दार लावून. चारचौघांत तिकीट काढायची लाज!

आणि विनोदीच का, तर रडका समलिंगी प्रस्थापितांना चालतो, मेलेला तर फारच चालतो. दलिताचंही तेच. पडद्यावर आपण मार खातो, जळतो, मरतो, की बाल्कनी हळहळते आणि समोसा खायला जाते. प्रेम करून हसतखेळत घरी परतणारा दलित किती वेळा पाहिलात? वर्षानुवर्षे बायकी चालीचा पोरगा पडद्यावर आला की थेटर त्याच्यावर खिदळायचं. आता तोच विनोद करतो, प्रेम जिंकतो आणि हसं होतं अडाणी बापाचं. हा उलटा डाव आहे. तमाशात सोंगाड्यानं पाटलाची टोपी उडवली, त्याच जातकुळीचा.

पण आंधळी भक्ती करू नका. 'शुभ मंगल ज्यादा सावधान' (२०२०) मधलं घर त्रिपाठींचं. 'बधाई दो'चा नायक ठाकूर. प्रेमालाही आडनाव लागतं काय रे? नीरज घायवाननं २०२१ साली 'गीली पुच्ची'त कारखान्यात राबणारी दलित बाई आणि तिचं बाईवरचं प्रेम दाखवलं, पण ते थेटरात नाही, थेट नेटफ्लिक्सवर; आणि हसरा शेवट तिच्या वाट्याला नव्हताच. रोहन कानवडेच्या मराठी 'साबर बोंडं'नं २०२५ साली संडान्सचं मोठं बक्षीस मारलं. असले पिच्चर वाढायचे तर आधी वाट रुळावी लागते. पाठिंबाही द्या, जाबही विचारा.

कोर्टानं २०१८ साली गुन्हा पुसला, २०२३ साली लग्नाचा हक्क नाकारला. कोर्ट अर्ध्यावर थांबलं, रस्त्यावरच्यांनी थांबू नये.

तेव्हा असा पिच्चर लागला की पहिल्याच शनिवार-रविवारी जा. एकट्याला तिकीट जड जातं, दहाजण वर्गणी काढा आणि पाळीपाळीनं जा. शो नसेल तर मॅनेजरला गाठून मागा. निर्मात्याची रीतसर परवानगी काढून वस्तीच्या हॉलमध्ये पडदा बांधा. आयाबायांना पुढं बसवा, नंतर चर्चा लावा. आणि कुणी 'छक्का' म्हणून ओरडला, तर आपल्याला जातीवरून शिवी घातल्यावर जसे उठतो, तसेच उठा.

जयभीम!