४२ व्या वर्षी सैन्यात? वयाची अट शिथिल आहे, शरीराची नाही!

"४२ वर्षांपर्यंत लष्करात अधिकारी व्हा!" अशी पोस्ट तुमच्याही व्हॉट्सअॅपवर येऊन गेली असेल. शाळेत असताना वर्दीचं स्वप्न पाहिलेल्या, पण आता नोकरी-संसारात अडकलेल्या अनेकांच्या मनात ती वाचून पुन्हा पाल चुकचुकते. पोस्ट खोटी नाही. पण ती अर्धीच गोष्ट सांगते.

आधी नेहमीच्या भरतीचं पाहू. २०२२ मध्ये अग्निवीर योजना आली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते २१ ठेवली गेली. त्या एका वर्षापुरती ती २३ केली. सीडीएस परीक्षेतून अधिकारी व्हायचं, तरी पंचविशीच्या आसपास दार बंद होतं. मग ४२ हा आकडा आला कुठून?

तो आहे टेरिटोरियल आर्मीचा, म्हणजेच प्रादेशिक सेनेचा. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही सेना म्हणजे नोकरी-व्यवसाय सांभाळून देशसेवा करणाऱ्यांचं दल. अधिकारी होण्यासाठी वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःचं उत्पन्नाचं साधन लागतं. सचिन पायलट २०१२ मध्ये केंद्रीय मंत्री असताना, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, याच मार्गाने लेफ्टनंट झाले. धोनीचं लेफ्टनंट कर्नल हे पद मात्र मानद आहे. त्याची तुलना इथे करू नका.

मग फिटनेसचं काय?

इथेच अनेकांचा अंदाज चुकतो. लेखी परीक्षा आणि मुलाखतीनंतर एसएसबी असते. त्यात तीन मिनिटांत जास्तीत जास्त अडथळे पार करायचे असतात. उड्या, दोर, उंच फळ्या, सगळं त्यात आलं. त्यानंतर लष्कराचं वैद्यकीय मंडळ तपासणी करतं. वाढलेलं वजन, रक्तदाब, साखर, गुडघे, डोळे... विशीत न दिसणाऱ्या गोष्टी चाळिशीत इथे उघड्या पडतात. "वय झालंय, चालवून घ्या" असं इथे कुणी म्हणत नाही.

अमेरिकेत चित्र थोडं वेगळं आहे. तिथे भरतीला माणसं कमी पडू लागली, तेव्हा हवाई दलाने २०२३ मध्ये वयोमर्यादा ३९ वरून ४२ केली. लष्कराने तर २०२२ पासून वजन जास्त असलेल्या इच्छुकांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षणच सुरू केलं. आपल्याकडे एका जागेसाठी मोठी रांग असते, त्यामुळे तयारी ज्याची त्याने करून यायची.

ही नोकरी नाही, हे लक्षात घ्या

टेरिटोरियल आर्मी पूर्णवेळ रोजगाराची हमी देत नाही. म्हणूनच आधीपासून कमाईचं साधन असण्याची अट आहे. या भरवशावर आहे ती नोकरी सोडणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. दरवर्षी साधारण दोन महिने प्रशिक्षण शिबिर, सुरुवातीच्या काळात त्याहून जास्त, एवढा वेळ काढावा लागतो. पगार आणि भत्ते मिळतात ते प्रशिक्षण किंवा प्रत्यक्ष सेवेच्या काळात.

आणि बोलावणं येऊ शकतं, अगदी खरंखुरं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव वाढला, तेव्हा केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला सेवेत बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करायला मंजुरी मिळाली. कालपर्यंत ऑफिसला जाणाऱ्या माणसाला उद्या सीमेवर उभं राहावं लागू शकतं, हाच या दलाचा अर्थ आहे.

म्हणूनच शारीरिक निकष कडक आहेत. शत्रूसमोर तुमच्या शेजारी उभा असलेला जवान तुमचं वय विचारणार नाही, तुम्ही त्याच्यासोबत धावू शकता का, एवढंच पाहील.

तुमचं वय पस्तीस-चाळीस असेल आणि मनात इच्छा असेल, तर जाहिरातीची वाट पाहू नका. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, मग चालणं, हळूहळू धावणं सुरू करा. "पैसे द्या, काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. आणि घरच्यांशी बोला. कारण बोलावणं आलं, तर वाट त्यांनाही पाहावी लागणार आहे.