कोअर्सचा गुणाकार, मेमरीचा भागाकार

चित्रपटाचे दृश्यपरिणाम, वाहनांचे टक्कर-विश्लेषण, हवेच्या प्रवाहाचे गणित किंवा एखाद्या अवाढव्य सॉफ्टवेअरची बांधणी अशा तासन्‌तास चालणाऱ्या कामांसाठी वर्कस्टेशन घेताना एक मत जवळजवळ सर्वमान्य झाले आहे, ते असे की ज्या प्रोसेसरमध्ये कोअर्स अधिक तो श्रेष्ठ, आणि ऐपतीत बसतील तेवढे कोअर्स पदरात पाडून घ्यावेत. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातील स्वतंत्रपणे आकडेमोड करू शकणारा घटक. एएमडीने २०१७ साली १६ कोअर्सचा थ्रेडरिपर १९५०एक्स ९९९ डॉलरला बाजारात आणला आणि २०२३ च्या अखेरीस त्याच घराण्यातील थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स ९६ कोअर्स घेऊन ९,९९९ डॉलरच्या किमतीवर जाऊन बसला. त्याच वर्षी इंटेलने ५६ कोअर्सचा झिऑन डब्ल्यू९-३४९५एक्स ५,८८९ डॉलरला विक्रीस ठेवला. सहा वर्षांत कोअर्स सहापट झाल्यावर निवडीचा विचार त्या एका आकड्यापाशी येऊन थांबावा हे स्वाभाविक आहे, पण ते योग्य नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की अशा निवडीत मेमरीचा पुरवठा आणि जोडण्यांचे मार्ग यांचा विचार आधी झाला पाहिजे आणि कोअर्सची संख्या त्यांच्या हिशेबातून शेवटी ठरली पाहिजे.

पूर्वपक्षाची बाजू दुबळी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. रेंडरिंगमध्ये, म्हणजे संगणकात रचलेल्या त्रिमितीय दृश्यातून प्रकाशाचा हिशेब करून चित्र तयार करण्याच्या कामात, चित्राचा प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याची वाट न पाहता मोजता येतो, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती कॅशेमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच लहान पण अतिवेगवान साठ्यात, मावते. त्यामुळे कोअर्स दुप्पट केले की वेळ जवळजवळ निम्मा होतो. सिनेबेंच ही लोकप्रिय चाचणी मुळात रेंडरिंगचीच असल्यामुळे तिच्या आलेखांत कोअर्सचा हा गुणाकार डोळ्यांत भरतो. परंतु या एका कामावरून सर्व कामांविषयी अनुमान काढणे म्हणजे नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात त्यावर सिद्धान्त उभा करणे होय, कारण ‘कोअर्स अधिक’ हा हेतू जेथे वेग मुळीच वाढत नाही अशा कामांतही तितकाच हजर असतो.

ही कामे कोणती, हे समजण्यासाठी मेमरीची बँडविड्थ, म्हणजे रॅममधून प्रोसेसरकडे एका सेकंदात किती माहिती पोहोचू शकते ते प्रमाण, पाहावे लागते. रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधील वाटेला चॅनल म्हणतात. डीडीआर५-५२०० प्रतीच्या रॅमचे एक चॅनल सेकंदाला जास्तीत जास्त ४१.६ गीगाबाइट वाहून नेते. थ्रेडरिपर ७९८०एक्स या ६४ कोअर्सच्या प्रोसेसरला अशी चार चॅनल्स आहेत, म्हणजे एकूण १६६.४ गीगाबाइट, आणि भागाकार केला तर प्रत्येक कोअरच्या वाट्याला २.६ गीगाबाइट; ९६ कोअर्सच्या ७९९५डब्ल्यूएक्सला आठ चॅनल्स आहेत, तेथे वाटा सुमारे ३.५ गीगाबाइट; आणि रायझेन ९ ९९५०एक्स या १६ कोअर्सच्या, ६४९ डॉलरला आलेल्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला दोनच चॅनल्स असूनही डीडीआर५-५६०० रॅमवर प्रत्येक कोअरला ५.६ गीगाबाइट मिळतात. पंगत वाढवत नेली आणि वाढपी तेवढेच ठेवले तर पाने रिकामी राहतात, तसा हा प्रकार आहे. जाहिरातीत मात्र पानांचीच संख्या छापली जाते.

द्रवगतिकीचे गणित, म्हणजे गाडीभोवतीची हवा किंवा नळातील पाणी कसे वाहते याचे संगणकीय भाकीत, या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. त्यात जागेचे लाखो कप्पे पाडले जातात आणि प्रत्येक कप्प्याचा संबंध शेजारच्या मोजक्या कप्प्यांशीच असल्यामुळे बहुतांश शून्यांनी भरलेला एक प्रचंड कोष्टक-समूह तयार होतो. शून्ये गाळून उरलेल्या आकड्यांचा पुन्हा पुन्हा गुणाकार आणि बेरीज करणे हे या गणिताचे मुख्य काम. प्रत्येक आकडा ८ बाइटचा आणि त्याची जागा सांगणारा निर्देशांक ४ बाइटचा, असे किमान १२ बाइट रॅममधून आणल्यावर त्यांवर घडतात त्या क्रिया अवघ्या दोन, एक गुणाकार आणि एक बेरीज. आठ चॅनल्सची मिळून ३३२.८ गीगाबाइट बँडविड्थ पूर्णपणे वापरली असे धरले, तरी या हिशेबाने सेकंदाला सुमारे ५५ अब्ज क्रियांपुरताच शिधा पोहोचतो. उलट ७९९५डब्ल्यूएक्सच्या पिढीतील एएमडीचा एकच कोअर एका ठोक्यात अशा १६ क्रिया करू शकतो, म्हणजे ५ गीगाहर्ट्झच्या वेगाने सैद्धान्तिकदृष्ट्या सेकंदाला ८० अब्ज. सबंध यंत्राच्या मेमरीतून येणारे काम एका कोअरच्या कागदावरील क्षमतेलाही पुरत नाही, असा याचा अर्थ. एकट्या कोअरला हा सगळा पुरवठा ओढून घेता येत नाही म्हणून प्रत्यक्षात बरेच कोअर्स लागतात हे खरे, तथापि एका मर्यादेनंतर वाढवलेला प्रत्येक कोअर रांगेत उभा राहण्यापलीकडे फारसे काही करत नाही. बर्कलेच्या विल्यम्स, वॉटरमन आणि पॅटरसन यांनी २००९ साली ‘रूफलाइन’ या नावाने मांडलेली आकृती हेच सांगते: आणलेल्या प्रत्येक बाइटमागे किती क्रिया होतात, यावरून कामाचे छप्पर मेमरीने ठरते की कोअर्सनी, हे कळते.

या सिद्धान्ताचा बाजारातील पुरावाही आहे. २०१८ साली आलेल्या ३२ कोअर्सच्या थ्रेडरिपर २९९०डब्ल्यूएक्समध्ये सिलिकॉनचे चार तुकडे होते आणि चार मेमरी चॅनल्स त्यांपैकी दोनच तुकड्यांना जोडलेली होती. उरलेल्या दोन तुकड्यांवरील १६ कोअर्सना प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या दारातून मेमरीकडे जावे लागे. परिणामी विंडोजवर काही कामांत हा प्रोसेसर त्याच्याच निम्म्या कोअर्सच्या भावंडापेक्षा, २९५०एक्सपेक्षा, मागे पडला. मात्र येथे सगळा दोष मेमरीच्या माथी मारणे अतिव्याप्तीचे ठरेल, कारण तोच प्रोसेसर लिनक्सवर पुष्कळ बरा चालत होता आणि पुढे झालेल्या तपासात विंडोजचे कामवाटप कोअर्समध्ये निष्कारण उड्या मारत असल्याचे दिसून आले. विंडोज एका गटात ६४ पेक्षा जास्त तार्किक प्रोसेसर, म्हणजे थ्रेड्स, ठेवत नसल्यामुळे पुढील काळातही १२८ थ्रेड्सच्या यंत्रावर जुनी सॉफ्टवेअरे अर्ध्यावरच चालत राहिली. छापील कोअर्स आणि कामाला येणारे कोअर्स यांत ऑपरेटिंग सिस्टिमही अंतर पाडते, हा त्यातला अर्थ.

चॅनल्सची संख्या पाहिली की काम भागले, असेही नाही, आणि हा बारकावा विक्रेते क्वचितच सांगतात. एएमडीच्या ७००० मालिकेत कोअर्स जास्तीत जास्त आठ-आठच्या चिपलेटमध्ये, म्हणजे सिलिकॉनच्या लहान तुकड्यांत, विभागलेले असतात आणि प्रत्येक चिपलेट मेमरी सांभाळणाऱ्या मधल्या तुकड्याशी मर्यादित रुंदीच्या दुव्याने जोडलेला असतो. १६ कोअर्सच्या थ्रेडरिपर प्रो ७९५५डब्ल्यूएक्समध्ये असे चिपलेट दोनच आहेत. त्यामुळे मदरबोर्डवर आठ चॅनल्स असूनही दोन दुव्यांतून त्यांचा सगळा प्रवाह आत येऊच शकत नाही. पारख करण्याची सोपी रीत अशी की त्या प्रोसेसरच्या एल३ कॅशेच्या आकड्याला ३२ ने भागावे: ६४ मेगाबाइट असेल तर दोन चिपलेट, १२८ असेल तर चार. याच पिढीच्या इंटेलच्या झिऑन डब्ल्यू-३४०० मालिकेत कोअर्स आणि मेमरी एकाच जाळीवर बसवलेले असल्यामुळे डब्ल्यू५-३४३५एक्ससारख्या १६ कोअर्सच्या, १,५८९ डॉलरला आलेल्या प्रोसेसरलाही आठही चॅनल्स खुली राहतात. सिनेबेंचच्या यादीत हा प्रोसेसर कोणाच्या खिजगणतीतही नसतो.

आता दुसऱ्या टोकाचा पूर्वपक्ष. तो म्हणतो की असे असेल तर वर्कस्टेशन प्रोसेसर हे निव्वळ मिरवण्याचे साधन आहे, वेगवान डेस्कटॉप प्रोसेसर आणि एक ताकदवान ग्राफिक्स कार्ड पुरे. त्याच्या हाती जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम असतो: कामाचा १० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल तर १६ कोअर्सनी वेग ६.४ पट होतो आणि ९६ कोअर्सनीही ९.१ पटच. त्रिमितीय आराखडे काढणाऱ्या सॉलिडवर्क्स किंवा रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरच्या रोजच्या वापरात, जेथे बहुतेक क्रिया एकाच कोअरवर चालतात, हा पक्ष निर्विवाद बरोबर आहे आणि तेथे दहा हजार डॉलरचा प्रोसेसर घेणे ही चैन आहे. पण जॉन गुस्टाफसन यांनी १९८८ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे मोठे यंत्र हाती आले की माणसे तेच काम लवकर संपवण्यापेक्षा अधिक मोठे काम हाती घेतात, कप्पे बारीक करतात, आणि एकामागून एक करण्याच्या भागाचे प्रमाण घटत जाते. काम मोठे झाले की ते कॅशेतून ओसंडते आणि दोन चॅनल्सचा डेस्कटॉप तेथे धापा टाकू लागतो. ग्राफिक्स कार्डाचा युक्तिवादही असाच अर्धा: जिओफोर्स आरटीएक्स ४०९० ची स्वतःची मेमरी २४ गीगाबाइट, तर थ्रेडरिपर प्रोच्या मदरबोर्डवर २ टेराबाइटपर्यंत रॅम बसते. शिवाय एका कार्डाला पूर्ण रुंदीने जोडायला पीसीआय एक्स्प्रेसच्या १६ लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, लागतात आणि ९९५०एक्सकडे वापरण्याजोग्या लेन २४ च असतात. दुसरे कार्ड बसवले की दोघांना आठ-आठवर भागवावे लागते. झिऑन डब्ल्यू-३४०० कडे ११२ आणि थ्रेडरिपर प्रोकडे १२८ लेन आहेत, आणि चार कार्डे लावणाऱ्याच्या दृष्टीने त्याच या प्रोसेसरांच्या किमतीचे खरे समर्थन आहेत.

म्हणून निवडीचा क्रम उलटा हवा. मुंबईच्या स्टुडिओतील रेंडरिंग आणि पुण्या-चाकणच्या वाहन-अभियांत्रिकीच्या कचेरीतील द्रवगतिकी यांना एकच यादी लावता येत नाही. पहिल्याला ६४ कोअर्स आणि चार चॅनल्स शोभतात, तर दुसऱ्याला २४ किंवा ३२ कोअर्स, आठ चॅनल्स आणि चार चिपलेट. स्वतःचे खरे मॉडेल ४, ८, १६ अशा वाढत्या कोअर्सवर चालवून वेळ कोठे घटायचा थांबतो हे पाहिले की वाद पुष्कळसा मिटतो, मग ब्रँडचा अभिमान बाजूला ठेवता येतो. परवान्याचा हिशेबही येथेच येतो, कारण अन्सिससारख्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ परवान्यात ४ कोअर्स असतात आणि समांतर गणनेचा एक पॅक ८, दोन पॅक ३२, तीन पॅक १२८ कोअर्सची भर घालतात. दोन पॅक असलेल्या कचेरीने ६४ कोअर्स घेतले तर त्यांतले २८ त्या कामात बसूनच राहणार.

ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका हुडकून दुरुस्त करणारी मेमरी, हाही असाच दुर्लक्षित विषय. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत चूक आढळली होती. डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच, हे नित्य ऐकू येणारे विधान दिशाभूल करणारे आहे; चिपच्या आतली ती दुरुस्ती पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर घडणारी चूक पकडत नाही. झिऑन डब्ल्यू-३४०० आणि थ्रेडरिपर ७००० या मालिका ईसीसी असलेली नोंदणीकृत रॅमच घेतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न उरत नाही.

खर्चाची कात्री मात्र बहुधा रॅमवरच चालते. प्रोसेसर सर्वांत महागडा घेतला जातो, आठ चॅनल्सच्या मदरबोर्डवर ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून दोनच मोठ्या पट्ट्या बसवल्या जातात, आणि ९६ कोअर्सचे यंत्र ८३.२ गीगाबाइटवर, म्हणजे प्रत्येक कोअरमागे एक गीगाबाइटही न मिळता, ६४९ डॉलरला आलेल्या रायझेनच्या ८९.६ पेक्षाही कमी पुरवठ्यावर चालत राहते.