वीट शहरात, हक्क गावातच

नागपूरच्या इमारतींना लागणारा माल आणि तो घडवणारे हात यांचा मोठा वाटा शहराच्या उत्तरेकडून येतो. पारशिवनी तालुक्यातील कन्हान त्याच वाटेवर आहे. नदीची वाळू, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींचा कोळसा आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख जवळच असल्याने या पट्ट्यात वीटभट्ट्या रुजल्या. हावडा-नागपूर रेल्वेमार्गामुळे छत्तीसगडही जवळ आले.

तिथे गावाकडे धानाची कापणी आटोपली की ठेकेदार उचल देतो आणि अख्खे कुटुंब भट्टीवर येते. पाऊस लागेपर्यंत मुक्काम तिथेच. संध्याकाळी माती भिजवून मळायची, पहाटे अंधारातच साच्यातून विटा पाडायच्या, सुकू लागल्या की उलटायच्या. मजुरी हजार विटांमागे मिळते. त्यामुळे बायको-पोरांचे कष्टही बहुधा कर्त्या पुरुषाच्याच हिशेबात जमा होतात. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या की मेहनत मातीत जाते. उचल मात्र अंगावर राहते. ती फिटल्याशिवाय भट्टी सोडणे कठीण.

या मजुरांसाठी 1979 मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. ठेकेदाराला परवाना, प्रवासभत्ता आणि निवारा यांची तरतूद त्यात होती, पण आपणहून आलेला मजूर त्याच्या कक्षेबाहेर राहिला. 2020 च्या कामगार संहितेने त्यालाही सामावून घेतले. मात्र किमान मजूरसंख्येची अट 5 वरून 10 केली. लहान ठिकाणचे मजूर त्यामुळे निसटतात. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत जबलपूर महामार्गाने पायी गावी निघालेल्या मजुरांनी या व्यवस्थेतील पोकळी देशाला दाखवली.

त्यानंतर 2021 मध्ये ई-श्रम पोर्टल आले. रेशनचे धान्य परराज्यात उचलण्याची सोय झाली. मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. सोयी आहेत, पण त्या भट्टीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कुणा एकावर नाही.

ती निश्चित झाली पाहिजे. हंगामाच्या सुरुवातीलाच कामगार विभाग, ग्रामपंचायत किंवा नगर परिषद आणि जवळची शाळा यांनी मिळून प्रत्येक भट्टीवर नोंदणी करावी. बाईच्या कामाचा हिशेब तिच्या नावे व्हावा, उचल आणि मजुरी लेखी असावी, कच्च्या विटांचे नुकसान मजुराच्या माथी मारू नये. मुलांचे नाव हंगाम संपेपर्यंत इथल्या शाळेत आणि अंगणवाडीत असावे. मजूर दर हंगामाला मुक्काम बदलतो. त्याचे हक्कही त्याच्यासोबत फिरले पाहिजेत.