देवीचे अभय तिच्या वाहनालाही लाभो

शारदीय नवरात्र आले की खानदेशात घरोघरी घट बसतात आणि जळगाव-धुळ्याच्या भाविकांची पावले चाळीसगावजवळील पाटणादेवीकडे, सातपुड्यातील मनुदेवीकडे वळतात. आदिशक्तीने आपले ठाणे डोंगरकपारीत मांडले, यात मोठा अर्थ आहे. तेथे ती एकटी नाही. वनचरांचे गणगोत तिच्या सान्निध्यात नांदत आहे.

पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या रानाला १९८६ साली संरक्षण लाभले. बिबट्या, अस्वल, चिंकारा, नीलगाय हे तेथील मूळ रहिवासी. याच पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे तेथील शिलालेख सांगतो. शास्त्रचिंतनास जी शांतता हवी, तीच श्वापदांनाही हवी.

परंतु आता यात्रेच्या जोडीला सहल आली आहे. धबधबे वाहू लागले की केदारकुंड, धवलतीर्थाकडे झुंबड उडते. आरोळ्या, गाणी, आडवाटांनी भटकणे सुरू होते. ‘आम्ही ना शिकार करतो, ना झाड तोडतो, मग आमचा उपद्रव कोणता?’ असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी दिले आहे. जगभरातील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांविषयीच्या ७६ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिवसा व रात्री निम्मा-निम्मा वावरणारा प्राणी माणसाच्या शेजारी ६८ टक्के वावर रात्री करू लागतो. शिकारी असो वा नुसता पदभ्रमण करणारा, परिणाम सारखाच. कारण प्राण्याला आपला हेतू उमगत नाही. त्याला केवळ चाहूल उमगते. ती लागताच तो पाणवठा सोडतो, चारा सोडतो, पिलांना घेऊन दूर सरतो.

कोणी म्हणेल, यात्रा तर पूर्वापार चालत आली आहे. खरे आहे. तथापि यात्रेला वाट ठरलेली असते आणि तिथीही ठरलेली असते. नित्याच्या वाटेवरील वर्दळ प्राणी ओळखू लागतात. अवचित आडरानात शिरणाऱ्याचे भय मात्र त्यांना अधिक वाटते. म्हणून यात्रेचा नियम सहलीलाही लागू व्हावा, एवढीच विनंती.

वाट सोडू नये. ध्वनिवर्धक नेऊ नये. उष्टे व प्लास्टिक परत आणावे. अभयारण्यात कचरा टाकण्यास व प्राण्यांना छेडण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहेच. आणि दिवस मावळण्यापूर्वी डोंगर उतरावा. दिवस त्यांनी आपल्यासाठी सोडला. निदान रात्र तरी त्यांची राहू द्यावी.

‘अभयारण्य’ शब्दात ‘अभय’ आधी येते. देवीचा वरदहस्त आपण मस्तकी मागतो. तोच तिच्या वाहनाच्या मस्तकीही असावा. ज्या डोंगरावरून व्याघ्रकुळ परागंदा झाले, तेथे व्याघ्रारूढ मातेची ओटी आपण कोणत्या मुखाने भरावी?