अपूर्णांक ‘उडवण्या’पूर्वी

अशी कल्पना करा, की परीक्षेत दोन उदाहरणे आली आहेत. पहिले असे : १६/६४ ला अतिसंक्षिप्त रूप द्या. एका विद्यार्थ्याने वरच्या ६ वर काट मारली, खालच्या ६ वर काट मारली आणि उत्तर लिहिले १/४. दुसरे उदाहरण बेरजेचे : ५/१६ + ७/१६. एका विद्यार्थिनीने उत्तर लिहिले १२/१६ आणि ती तेथेच थांबली. पहिल्याला पूर्ण गुण मिळाले. दुसरीचा अर्धा गुण कापला गेला, कारण तिने ३/४ लिहिले नाही.

माझ्या मते हा न्याय उलटा झाला. ज्याला काही कळलेले नाही त्याला बक्षीस आणि जिने योग्य बेरीज केली तिला शिक्षा!

पहिल्या विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आहे, पण रीत साफ चुकीची आहे. १६ मधील ६ म्हणजे सहा एकक आणि ६४ मधील ६ म्हणजे सहा दशक. ते एकमेकांना उडवतील कसे? हीच रीत १३/३४ ला लावून पाहा. ३ ला ३ उडवला की १/४ उरतो. पण ३४ चा चौथा भाग १३ होतो काय? अंशाचा एकक अंक आणि छेदाचा दशक अंक सारखा असेल, दोन्ही संख्या दोन अंकी असतील आणि अंश छेदापेक्षा लहान असेल, तर ही रीत फक्त चार ठिकाणी योगायोगाने जुळते : १६/६४, १९/९५, २६/६५ आणि ४९/९८. बाकी सर्वत्र ती फसते.

दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही. ‘उडवा’, ‘काट मारा’ हे शब्द आपण वर्गात सर्रास वापरतो. मुलांना वाटते की वरखाली सारखे दिसेल ते पुसायचे. प्रत्यक्षात काहीच उडत नसते.

कागदाची एक लांब पट्टी घ्या. घड्या घालून तिचे चार सारखे भाग करा आणि त्यांतील तीन रंगवा. रंगलेला भाग झाला ३/४. आता प्रत्येक भागाची आणखी एक घडी घाला. पट्टीचे आठ भाग झाले, त्यांतील सहा रंगलेले. पुन्हा एक घडी घाला : सोळांपैकी बारा. रंग तसूभरही वाढला नाही की घटला नाही. बदलली ती तुकड्यांची संख्या. ३/४, ६/८ आणि १२/१६ हे सममूल्य अपूर्णांक आहेत ते या अर्थाने. अंश व छेद यांना एकाच संख्येने गुणणे म्हणजे घड्या वाढवणे, आणि एकाच संख्येने भागणे म्हणजे घड्या उलगडणे. संक्षेप तो एवढाच. १२/१६ चे ३/४ करताना आपण वरखाली ४ ने भाग दिला. कोणताही अंक खोडला नाही.

मग संक्षिप्त रूपाचा उपयोग काय? ‘सोळा आणे खरे’ असे आपण अजूनही म्हणतो, कारण पूर्वी रुपयाचे सोळा आणे होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. चार आणे म्हणजे रुपयाचा ४/१६ भाग. त्याचे पैसे किती? १६ ला कोणत्याही पूर्ण संख्येने गुणून १०० मिळत नाहीत. पण ४/१६ चे आधी १/४ करा, मग अंश-छेदांना २५ ने गुणा : २५/१००. म्हणजे पंचवीस पैसे. आधी खाली उतरायचे, मग दुसऱ्या वाटेने वर चढायचे. एका आण्याची मात्र अडचण झाली. १/१६ ला आणखी संक्षेप नाही आणि १६ ने १०० ला नि:शेष भाग जात नाही. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात. म्हणून त्या वेळच्या बदलाच्या कोष्टकात एक आणा म्हणजे ६ पैसे, दोन आणे म्हणजे १२ आणि तीन आणे म्हणजे १९ पैसे असे धरले होते.

यावरून दिसेल, की संक्षिप्त रूप हे शेवटचे स्टेशन नव्हे, ते जंक्शन आहे. सर्व सममूल्य अपूर्णांक तेथे येऊन मिळतात आणि तेथून हव्या त्या छेदाकडे जाता येते. ५१/६८ आणि ५७/७६ एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. पण दोन्ही ३/४ पाशी भेटतात. उलट ३/४ मध्ये १/१६ मिळवायचा असेल, तर पुन्हा १२/१६ च करावे लागते. अशा वेळी १२/१६ हेच सोयीचे रूप.

शिक्षक म्हणतील, सर्वांचे उत्तर एकाच रूपात आले तर तपासणे सोपे जाते. हे म्हणणे रास्त आहे. तर मग प्रश्नातच ‘अतिसंक्षिप्त रूपात लिहा’ असे स्पष्ट सांगावे. तसे सांगितले नसेल, तर सममूल्य उत्तराचा गुण कापू नये. आणि संक्षेप विचारलाच, तर वरखाली कितीने भागले ते लिहायला लावावे. एवढ्याने १६/६४ मधील लबाडी लगेच उघडी पडेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक युक्ती सांगतो. ज्या संख्येने अंश व छेद या दोघांनाही भाग जातो, तिने त्यांच्या वजाबाकीलाही भाग गेलाच पाहिजे. ६८ मधून ५१ वजा केले की १७ उरतात, आणि १७ च दोघांना भागतो. आता ९१/११९ ला संक्षिप्त रूप द्या पाहू! मात्र नुसते उत्तर लिहू नका. कितीने भागले, तेही लिहा.