अर्धा वेळ, अर्धे पोट?

हार्डवेअरच्या दुकानावर ‘अर्धवेळ मुलगा पाहिजे’ अशी पाटी लागते. चौकशीला आलेल्या तरुणाला नाव-गाव, शिक्षण, घर किती लांब हे सारे विचारून झाले की शेवटचा प्रश्न येतो : “पगाराची अपेक्षा काय?” वरकरणी हा प्रश्न सौजन्याचा वाटतो. मालकाने स्वतःचा आकडा लादण्याऐवजी नोकरालाच त्याचा आकडा विचारला, यात उदारपणाचा भास होतो. परंतु पाटी एक आणि उमेदवार दहा अशी स्थिती असते तेव्हा हा प्रश्न म्हणजे उलटा लिलावच होय. जो सर्वांत कमी बोलेल त्याच्या नावावर बोली सुटते. आपल्या श्रमाची किंमत आपणच पाडण्याचे काम गरजवंताकडून करवून घेण्याची ही रीत इतकी रूढ झाली आहे की, तिच्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटेनासे झाले आहे.

या नोकरीत काम कोणते असते ते आधी पाहू. हार्डवेअरच्या गल्ल्यामागे उभा राहणारा माणूस म्हणजे नुसता पुड्या बांधणारा नव्हे. अर्ध्या इंचाचा एल्बो आणि पाऊण इंचाचा टी, लाकडाचा स्क्रू आणि पत्र्याचा स्क्रू, किती सुताची सळई, कोणत्या भिंतीला कोणता प्रायमर, हे सारे त्याला तोंडपाठ असावे लागते. नळ गळतो एवढेच सांगणाऱ्या गृहिणीला नेमका कोणता वायसर हवा आहे, हे त्याने ओळखायचे असते. प्लंबर, सुतार, रंगारी यांच्या उधारीच्या वह्या त्याने सांभाळायच्या. टेंपो आला की सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोण्या आणि रंगाचे डबे उतरवायचे तेही बहुधा त्यानेच. ज्ञान आणि अंगमेहनत दोन्ही मागणाऱ्या या कामाला ‘हलके काम’ म्हणणे म्हणजे त्याची मजुरी हलकी ठेवण्याची पूर्वतयारी आहे.

अर्धवेळ नोकराला कमी पैसे देण्याचे समर्थन ठरलेले आहे. विद्यार्थी असेल तर म्हणायचे, “त्याला काय, पॉकेटमनी सुटतो.” स्त्री असेल तर म्हणायचे, “घरखर्चाला हातभार.” निवृत्त गृहस्थ असेल तर, “वेळ जातो बिचाऱ्याचा.” म्हणजे प्रत्येकाच्या बाबतीत असे गृहीत धरायचे की, याचे पोट दुसरीकडे कोठेतरी भरते आहे आणि आपण देतो ती केवळ वरखर्चाची रक्कम आहे. वस्तुस्थिती काय आहे? लातूर-परभणीहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाच्या घरी दुष्काळाच्या वर्षी पाठवायला काही नसते. खोलीचे भाडे, खाणावळीचे बिल आणि परीक्षेचे शुल्क त्याच चार तासांतून निघायचे असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा विचार बहुजनांच्या मुलांपर्यंत नेला. त्या विचारात श्रमाला प्रतिष्ठा होती आणि श्रमाच्या बळावर शिक्षण पुरे होईल हा भरवसा होता. कमवूनही शिकता येत नसेल इतकीच मजुरी हाती पडणार असेल, तर त्या विचाराचे नाव घेण्याचा अधिकार समाजाला उरत नाही.

आता कायद्याकडे वळू. दुकानांतील नोकरांच्या कामाच्या तासांचे नियमन करणारा कायदा मुंबई प्रांतात १९३९ सालीच झाला. त्याची जागा १९४८ च्या कायद्याने घेतली. त्याच १९४८ साली केंद्राचा किमान वेतन कायदाही आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून किमान वेतनाची तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत सामावली गेली आहे, आणि जुन्या कायद्याखालच्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतात. “आमच्याकडे दोघेतिघेच आहेत, आम्हाला कायदा लागू नाही,” असे पुष्कळ दुकानदार सांगतात आणि पुष्कळ नोकर त्यावर विश्वास ठेवतात. हे साफ चूक आहे. नोकरांच्या संख्येवर अवलंबून आहेत त्या दुकाने-आस्थापना कायद्यातील तरतुदी. किमान वेतनाला अशी कोणतीही सूट नाही. एकच नोकर असला तरी ते द्यावेच लागते.

अर्धवेळ कामाचा हिशेबही शासनाने सांगून ठेवलेला आहे. महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत मासिक दराला २६ ने भागून रोजचा दर काढतात. अर्धवेळ नोकरासाठी त्या रोजाला ८ ने भागून तासाचा दर काढायचा आणि त्यात १५ टक्के वाढ करायची, अशी रीत आहे. उदाहरणासाठी मासिक किमान वेतन १३,००० रुपये धरू. रोजचे ५०० रुपये झाले, तासाचे ६२ रुपये ५० पैसे, आणि १५ टक्के वाढवून सुमारे ७२ रुपये. रोज चार तास याप्रमाणे २६ दिवसांचे ७,४७५ रुपये होतात. ‘अर्धा वेळ, अर्धा पगार’ या व्यवहारी न्यायाने त्याला ६,५०० रुपयेच मिळाले असते. ही ९७५ रुपयांची वाढ म्हणजे मेहेरबानी नव्हे. चार तासांच्या कामासाठीही जाणे-येणे पूर्णच करावे लागते, संध्याकाळ बांधली जाते आणि दुसरे काम धरता येत नाही, ही झीज त्यामागे आहे. प्रत्यक्षातला दर परिमंडळानुसार आणि कामाच्या कौशल्यानुसार बदलतो, आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारला जातो. म्हणून चालू आकडा पाहूनच हिशेब करावा.

दुसरीही एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दिवसभरासाठी ठेवलेल्या नोकराला “आज गिऱ्हाईक नाही, जा घरी” म्हणून लवकर पाठवले, तर त्या दिवसाचे पूर्ण वेतन त्याला मिळाले पाहिजे, असे जुना कायदा सांगत होता आणि नवी संहिताही सांगते. धंद्यातली मंदी नोकराच्या रोजातून वळती करून घेता येत नाही. मात्र ज्याचा करारच चार तासांचा आहे त्याला ही तरतूद लागू पडत नाही, आणि म्हणूनच पूर्णवेळ नोकराला कागदावर ‘अर्धवेळ’ करण्याचा मोह वाढतो. चार तास लिहायचे आणि सात तास राबवायचे, हा प्रकार येथूनच सुरू होतो.

किमान वेतन म्हणजे काय, याचे उत्तर १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने दिले होते. कमावणाऱ्या माणसामागे कुटुंबाचे तीन उपभोग घटक, प्रत्येकी २,७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाचे २० टक्के, असे ते मोजमाप होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी त्यात २५ टक्क्यांची भर घातली. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांविषयीच्या १९८२ च्या निकालात तर न्यायालयाने निःसंदिग्धपणे म्हटले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय. भुकेने लादलेली संमती ही संमती नव्हे, हा त्या निकालाचा गाभा आहे. तो लक्षात घेतला म्हणजे “त्यानेच एवढे मागितले होते” या मालकाच्या उत्तराला काही अर्थ उरत नाही.

लहान दुकानदाराची बाजू आम्ही नाकारीत नाही. ठेकेदारांकडे महिनोन्‌महिने उधारी अडकते, कंपन्यांचे वितरक रोखीचा आग्रह धरतात, मोठी दालने आणि घरपोच विक्री करणारी भांडवलदार मंडळी गिऱ्हाईक ओढून नेतात. तोही बाजाराच्या चरकात सापडलेला आहे. पण चरकातून सुटण्यासाठी त्याने आपल्याहून दुबळ्याला पुढे ढकलावे, हे कोणत्या न्यायात बसते? जो उद्योग किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला चालण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगितले आहे. दुकानदाराने लढायचे असेल तर ते उधारी थकवणाऱ्या ठेकेदाराशी आणि मक्तेदारांशी लढावे. त्या लढ्यात त्याचा नोकर त्याच्या बाजूला उभा राहील.

खरा प्रश्न अंमलबजावणीचा आहे, आणि तेथे वारे उलट दिशेने वाहत आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांवर केवळ माहिती कळविण्याचे बंधन ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्यास आणि कामाचे तास ९ वरून १० करण्यास मान्यता दिली. गल्लीतले हार्डवेअरचे दुकान या मर्यादेच्या आतच राहणार. किमान वेतनाचा हक्क कागदावर शाबूत, पण तो पाहणारा डोळा मिटलेला, अशी ही अवस्था आहे.

यावरचा मार्ग महाराष्ट्राने स्वतःच शोधून काढलेला आहे. हमालाला एक मालक नसतो, ठरलेली वेळ नसते. म्हणून त्याला कायदा लागू करणे अशक्य, असे एके काळी सांगितले जाई. १९६९ च्या माथाडी कायद्याने ते अशक्य शक्य करून दाखविले. मंडळात नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, आणि तिच्यावर लेव्ही लावून भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ, अशी ती योजना. लोखंड बाजारात पोलाद उचलणाऱ्या हमालाला जे मिळू शकते ते त्याच बाजारात गल्ल्यामागे उभ्या असलेल्या अर्धवेळ नोकराला का मिळू नये? बाजारपेठवार दुकान-कामगार मंडळे स्थापन व्हावीत, अर्धवेळ नोकरांची नोंद तेथे तासांसह व्हावी, ही मागणी कामगार संघटनांनी आणि विद्यार्थी संघटनांनी मिळून हाती घेतली पाहिजे.

तोवर पाटी पाहून आत शिरणाऱ्या तरुणाला आमचे एवढेच सांगणे आहे. अपेक्षा विचारली तर अंदाजाने आकडा बोलू नका. आपल्या परिमंडळाचा चालू दर पाहून, तासाचा हिशेब कागदावर मांडून जा आणि तो पुढे ठेवा. तासांची नोंद स्वतःच्या वहीत रोज करा. वेतनपत्रक मागा, ते देणे संहितेने मालकावर बंधनकारक केले आहे. आणि शेजारच्या दुकानातल्या मुलालाही तोच आकडा सांगा. एकट्याने सांगितलेला आकडा मालक घासाघीस करून खाली आणतो. साऱ्या पेठेतून तोच आकडा ऐकू आला, तर त्याला दर म्हणून मान्यता द्यावीच लागेल.