दोष हमालाचा की आवाराच्या रचनेचा?

संपादक महाशय,

कारखान्यांतील अपघातांचे खापर हमालांच्या गाफीलपणावर फोडणाऱ्या आपल्या पत्रलेखकांनी फोर्कलिफ्ट जवळून पाहिली असावी, असे वाटत नाही. हे यंत्र मागील चाकांनी वळते, त्यामुळे वळताना त्याची पिछाडी बाहेर झेपावते आणि शेजारून जाणारा मनुष्य, कितीही सावध असला तरी, भिंतीशी चेंगरला जातो. त्यातच पुढे माल उंच रचलेला असला म्हणजे चालकाची दृष्टी खुंटून त्याला ते उलटे हाकावे लागते. तेथे फलक आणि शिट्ट्या (पत्रलेखकांची दंडाची सूचना तर हास्यास्पदच!) काय कामाच्या? पायवाट कठड्याने विलग करावी, मालमोटारींचे येण्याजाण्याचे दरवाजे निराळे ठेवावेत. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ साली घातलेल्या कलमाने मालाच्या हाताळणी-वाहतुकीतील सुरक्षिततेची जबाबदारी भोगवटादारावर टाकली होती, हमालावर नव्हे.

आपला,
एक वाचक